‘पिच्चर कसा हाये?’ चांदूर रेल्वेतल्या एका व्हॉट्सॲप स्टेटसला एवढी किंमत का आहे?

शुक्रवारची संध्याकाळ. अमरावतीला कॉलेजात शिकणारा चांदूर रेल्वेचा एखादा पोरगा मित्रांसोबत नवा पिच्चर पाहून निघतो. गाडीत बसल्या बसल्या स्टेटस टाकतो. तिकिटाचा फोटो, खाली तीन शब्द आणि आगीची दोन चिन्हं. गाडी चांदूरला पोचेपर्यंत त्याच्या फोनवर एकच प्रश्न पाच-सहा जणांकडून आलेला असतो.

“कसा हाये बे पिच्चर?”

तो लिहितो, “जबरदस्त हाये, पाहून ये.”

आता एवढ्यावर घरी ठरतं की रविवारी चौघांनी अमरावतीला जायचं की नाही. प्रश्न साधा आहे आणि उत्तरही साधं. पण या उत्तरासाठी निर्माते पैसे मोजतायत, त्यावरून खटले झालेत, सरकारने नियम केलेत. आणि मराठी सिनेमाचा दुसरा आठवडा लागणार की नाही, हेही बऱ्याचदा याच उत्तरावर ठरतं.

हे प्रकरण नेमकं काय आहे, ते पाहूया.

आधी हिशोब

चांदूर नावाची दोन तालुक्याची गावं अमरावती जिल्ह्यात आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरं मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावरचं चांदूर रेल्वे. इथून अमरावती साधारण 30 किलोमीटर. मल्टिप्लेक्समध्ये नवा पिच्चर पाहायचा तर एसटीने थेट अमरावती गाठायची, नाहीतर रेल्वेने बडनेऱ्याला उतरून पुढे जायचं.

समजा चौघांचं कुटुंब आहे. तिकीट 180 रुपये धरलं तर 720 रुपये झाले. ऑनलाइन बुकिंगचं वरचं शुल्क शंभर-सव्वाशे. येण्याजाण्याचे आणि तिथल्या ऑटोचे मिळून साडेतीनशे. मध्यंतरात पोरांनी पॉपकॉर्न मागितलं की आणखी साडेतीनशे. म्हणजे एकूण पंधराशेच्या वर. रोज 300 रुपये मजुरी धरली तर ही पाच दिवसांची मजुरी झाली.

यात थोडा दिलासा आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या सिनेमा तिकिटावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. पण तिकीट 100 रुपयांच्या वर गेलं की 18 टक्के कायम आहे. 180 रुपयांच्या तिकिटात साधारण 27 रुपये कराचे असतात.

पुण्यात किंवा मुंबईत राहणाऱ्या माणसाला पिच्चर आवडला नाही तर त्याची संध्याकाळ वाया जाते. चांदूरच्या माणसाचा अख्खा दिवस आणि महिन्याच्या खर्चातला एक तुकडा जातो. म्हणून इथे “कसा हाये?” हा गप्पांचा विषय नसतो, तो खर्चाआधी घेतलेला सल्ला असतो.

पूर्वी मत आधी यायचं, पिच्चर नंतर

सिनेमाच्या धंद्याचा एक वेगळा नकाशा आहे. कमाईच्या बातम्यांमध्ये आजही ‘सीपी बेरार’ असा शब्द दिसतो. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार हा प्रांत 1950 मध्ये मध्य प्रदेश झाला, 1956 मध्ये विदर्भ त्यातून निघून मुंबई राज्यात आला. सरकारी नकाशावरून नाव गेलं, पण वितरकांच्या वहीत राहिलं. आपला वऱ्हाड अजून त्याच सर्किटमध्ये मोजला जातो. या सर्किटच्या व्यवहारात अमरावती आणि भुसावळ ही जुनी, वजनदार नावं. अमरावतीत तर चित्रा चौक, प्रभात चौक अशी टॉकीजवरून पडलेली चौकांची नावंच आहेत.

रिळांच्या काळात सिनेमाच्या प्रती मोजक्याच निघायच्या. एका प्रतीला भरपूर खर्च यायचा. ती आधी मोठ्या शहरांत चालायची. तिथली गर्दी ओसरली की रिळांच्या पेट्या रेल्वेने किंवा एसटीने पुढच्या गावाला जायच्या. तालुक्याच्या टॉकीजला आणि यात्रेतल्या तंबूला पिच्चर लागेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने उलटलेले असायचे.

पण याचा एक फायदा होता. पिच्चर यायच्या आधी त्याची खबर आलेली असायची. नागपूरचा मामा, मुंबईला कामाला गेलेला भाऊ, अमरावतीहून परतलेला दुकानदार अशी कोणीतरी पाहिलेली माणसं असायची. त्यांचं मत पाच-दहा जणांच्या तोंडून गाळून यायचं. पोकळ कौतुक एवढा प्रवास सहसा टिकायचं नाही.

2005 नंतर डिजिटल प्रोजेक्शन पसरलं. उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवरून सिनेमा थेट थिएटरच्या सर्व्हरवर यायला लागला. आता मुंबईत जो पिच्चर शुक्रवारी सकाळी लागतो, तोच त्याच सकाळी अमरावतीतही लागतो. वऱ्हाडाची जुनी तक्रार मिटली, पण त्याचबरोबर मत गाळून घ्यायचा वेळही संपला. पिच्चर आणि त्याबद्दलचं मत आता एकाच दिवशी, एकाच फोनवर येतं.

सगळा आवाज पहिल्या तीन दिवसांतच का?

यामागे पैशाच्या वाटणीचं गणित आहे. 2009 मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात मोठा संप झाला. त्यानंतर देशभरातल्या मोठ्या साखळ्यांमध्ये साधारण असं सूत्र रूढ झालं: पहिल्या आठवड्यात निव्वळ कमाईतला 50 टक्के वाटा वितरकाचा, दुसऱ्या आठवड्यात 42.5 टक्के, तिसऱ्या आठवड्यात 37.5 टक्के आणि पुढे 30 टक्के.

म्हणजे निर्मात्याच्या बाजूला पहिला आठवडा सगळ्यात महत्त्वाचा. दुसरीकडे थिएटरवाला शनिवार-रविवारची गर्दी पाहून सोमवारी शो ठरवतो. खुर्च्या रिकाम्या दिसल्या की शो कमी होतात किंवा सकाळी नऊला ढकलले जातात. मोठ्या जाहिरातीचा सिनेमा पहिल्या तीन दिवसांत ओरडून गर्दी जमवू शकतो. ज्याच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत, त्याला लोकांच्या तोंडावर अवलंबून राहावं लागतं, आणि लोकांचं तोंड उघडायला वेळ लागतो. मंगळवारी तुम्ही “खूप छान आहे, नक्की पाहा” असं स्टेटस टाकता, तोवर अमरावतीतला संध्याकाळचा शो निघालेला असतो.

18 जुलै 2025 ला ‘सैयारा’ आणि ‘ये रे ये रे पैसा 3’ एकाच दिवशी प्रदर्शित झाले. ‘सैयारा’ पाहून थिएटरात रडणाऱ्या, कोसळणाऱ्या प्रेक्षकांच्या रील्सनी इन्स्टाग्राम भरून गेलं. हाताला सलाईन लावून पिच्चर पाहायला आलेल्या एका तरुणाचा व्हिडिओही व्हायरल झाला. इकडे मराठी सिनेमाचे शो काढून हिंदीला दिले जातायत, अशी तक्रार झाली आणि मनसेने मल्टिप्लेक्सना इशारा दिला.

मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला जागा द्यावी, यासाठी राज्य सरकारचे नियम आहेत. 2015 मध्ये ‘प्राइम टाइम’चा मुद्दा गाजला, तेव्हा आधी संध्याकाळी 6 ते 9 ही वेळ जाहीर झाली होती. वाद झाल्यावर ती दुपारी 12 ते रात्री 9 अशी रुंद केली गेली. पण नियम फक्त शो मिळवून देऊ शकतो. त्या शोला खुर्च्या भरायचं काम नियम करत नाही, ते ओळखीच्या माणसाची शिफारस करते.

शिफारशीने खरंच काही होतं का?

होतं, आणि मराठीत त्याची ठळक उदाहरणं आहेत.

1991 चा ‘माहेरची साडी’ आठवा. विजय कोंडके यांचा, अलका कुबल यांच्या भूमिकेचा हा सिनेमा. मोबाइल सोडाच, बहुतेक गावांत घरोघरी फोनही नव्हता. तरी बायकांनी बायकांना सांगितलं, गावोगावच्या बायका टॉकीजला लोटल्या.

2016 चा ‘सैराट’ 29 एप्रिलला आला. गाणी आधीच गाजलेली होती, जाहिरातही जोरात होती. पण एकदा पाहून आलेला माणूस दुसऱ्यांदा चार जणांना घेऊन गेला, तेव्हा तो 100 कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी सिनेमा झाला.

सगळ्यात बोलकं उदाहरण 30 जून 2023 ला आलेल्या ‘बाईपण भारी देवा’चं आहे. साधारणपणे दुसऱ्या आठवड्यात सिनेमाची कमाई घसरते. केदार शिंदे यांच्या या सिनेमाची दुसऱ्या आठवड्यातली कमाई पहिल्यापेक्षा जास्त होती. भिशीचे गट, महिला मंडळं, सोसायटीतल्या मैत्रिणी नऊवारी आणि गॉगल घालून ग्रुपने थिएटरात गेल्या. तिथे काढलेला फोटो दुसऱ्या ग्रुपवर गेला आणि मग तो ग्रुप निघाला. सिनेमाने 75 कोटींचा टप्पा ओलांडला.

या बायकांपैकी कोणी समीक्षक नव्हत्या. “आपल्या सगळ्यांनी मिळून पाहावा असा आहे” एवढंच त्या सांगत होत्या. कोणासाठी आहे आणि कसा पाहायचा, हे त्यांनी सांगितलं, आणि ते नेमकं ठरलं.

मग कौतुक विकत मिळायला लागलं

ओळखीच्या माणसाच्या शब्दाला एवढी किंमत आहे म्हटल्यावर त्याची नक्कल होणारच.

थिएटरबाहेर कॅमेऱ्यासमोर “पाचपैकी पाच स्टार” म्हणणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. यातली काही माणसं कधी कधी आम्हीच पाठवलेली असतात, असं निर्माते-दिग्दर्शक करण जोहर यांनी एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलंय. त्याशिवाय पैसे घेऊन केलेल्या रील्स आल्या, एकाच मजकुराच्या पोस्ट वेगवेगळ्या अकाउंटवरून येऊ लागल्या, गठ्ठ्याने तिकिटं घेऊन ‘हाउसफुल्ल’चा देखावा उभा करायचे प्रकार चर्चेत आले.

याबद्दल नियम आहेत. जून 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार मंत्रालयाने इन्फ्लुएन्सर लोकांसाठी वेगळी नियमावली दिली. पैसे, भेटवस्तू, मोफत प्रवास किंवा दुसरा फायदा घेऊन शिफारस केली असेल, तर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं सहज दिसेल अशा जागी, व्हिडिओच्याच भाषेत सांगावं लागतं. वीस हॅशटॅगच्या गर्दीत तो शब्द लपवून चालत नाही. दिशाभूल केली तर ग्राहक संरक्षण कायद्यानुसार 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

ऑनलाइन रिव्ह्यूसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर 2022 मध्ये आयएस 19000:2022 हे मानकही आणलं. रिव्ह्यू लिहिणारी व्यक्ती खरी आहे का, हे वेबसाइटने कसं तपासावं, ते त्यात सांगितलंय. पण हे मानक पाळणं कंपन्यांवर बंधनकारक नाही, ते ऐच्छिक आहे.

आणि शिव्यांचं काय?

कौतुक विकत मिळतं तशी बदनामीही ठरवून होते, असं निर्माते म्हणतात. याला ‘रिव्ह्यू बॉम्बिंग’ म्हणतात. सिनेमा लागताच एकाच वेळी असंख्य वाईट रिव्ह्यू टाकून तो पाडायचा.

हा वाद सगळ्यात आधी केरळात पेटला. ऑक्टोबर 2023 मध्ये ‘राहेल मकन कोरा’ या मल्याळम सिनेमाच्या दिग्दर्शकाच्या तक्रारीवरून कोची पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्याआधी दुसऱ्या एका दिग्दर्शकाने केरळ उच्च न्यायालयात धाव घेतली होती. त्या प्रकरणात न्यायालयाने नेमलेल्या ॲमिकस क्युरीने, म्हणजे न्यायालयाला मदत करणाऱ्या वकिलाने, मार्च 2024 मध्ये अहवाल दिला. सिनेमा लागल्यापासून पहिले 48 तास व्लॉगर्सनी रिव्ह्यू टाकू नयेत, अशी एक सूचना त्यात होती.

तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने मद्रास उच्च न्यायालयात आणखी पुढची मागणी केली: पहिले तीन दिवस रिव्ह्यूच नकोत. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने तसा अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. कोणाची बदनामी झाली तर त्यासाठी कायदा आहेच, पण सरसकट सगळ्यांचं तोंड बंद करता येणार नाही.

चांदूरच्या प्रेक्षकाच्या जागी उभं राहून पाहा. पहिले तीन दिवस रिव्ह्यू बंद, पण जाहिराती मात्र चालू. त्याने पंधराशे रुपये कशाच्या भरवशावर खर्च करायचे? निर्मात्याचं नुकसान खोट्या रिव्ह्यूमुळे होतं हे खरं आहे. पण प्रामाणिक मत थांबवून ते भरून निघत नाही, उलट पैसे देऊन केलेल्या कौतुकाला मैदान मोकळं मिळतं.

पिच्चर वाईट आहे असं लिहिलं तर गुन्हा होतो का?

नाही. “मला आवडला नाही, मध्यंतरानंतर कंटाळा आला” हे तुमचं मत आहे आणि ते मांडायचा तुम्हाला हक्क आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम 52 टीका आणि समीक्षेसाठी कलाकृतीचा योग्य मर्यादेत वापर करायची मुभा देतं. मात्र पुरावा नसताना “याने चोरी केली, त्याने पैसे खाल्ले” असं लिहिलंत तर तो मताचा भाग राहत नाही, तो आरोप होतो.

खरी चूक आपण दुसरीकडेच करतो. पिच्चर चालू असताना क्लायमॅक्स शूट करून स्टेटसला ठेवतो. सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023 मध्ये दुरुस्ती झाली आहे. चोरीची प्रत बनवायच्या किंवा पाठवायच्या हेतूने थिएटरात रेकॉर्डिंग केलं तर 3 महिने ते 3 वर्षं कैद होऊ शकते. दंड किमान 3 लाख रुपये, आणि तो निर्मितीखर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. 2025 मध्ये ‘छावा’च्या चोरीच्या लिंक पसरल्या, तेव्हा मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा दाखल केला होता.

“पाह्यला? मस्त हाये. लिंक पाठव नं,” हा संवाद आपल्याकडे रोजचा आहे. लिंक पाठवली की आपण पिच्चरची शिफारस करत नाही, त्याचं तिकीट मारतो. ज्या मराठी सिनेमाचं आपण कौतुक करतोय, त्याचा अमरावतीतला शो त्यामुळेच निघू शकतो.

शिफारस वाचायची कशी?

पहिली गोष्ट वेळ पाहा. पहिला शो संपायच्या आधी आलेलं ‘मास्टरपीस’ हे मत असू शकत नाही. शुक्रवारी रात्रीनंतर आणि शनिवारी आलेली मतं जास्त कामाची.

दुसरी गोष्ट, तपशील आहे का ते पाहा. ‘बाप पिच्चर’, ‘गूजबंप्स’, ‘ब्लॉकबस्टर’ हे शब्द पिच्चर न पाहताही लिहिता येतात. “पहिला अर्धा तास संथ आहे, मग पकड घेतो” असं लिहायला पाहावा लागतो.

तिसरी गोष्ट, रेटिंगच्या आकड्यासोबत किती जणांनी मत दिलंय ते पाहा. 200 जणांचे 9.5 आणि 40 हजार जणांचे 8.5 यात दुसरा आकडा जास्त भरवशाचा.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सांगणारा कोण आहे. त्याने मागच्या वेळी सांगितलेला पिच्चर तुम्हाला आवडला होता का? तुमच्या आवडीशी जुळणारे दोन ओळखीचे लोक लाखभर फॉलोअर्सच्या अकाउंटपेक्षा जास्त उपयोगाचे.

आणि द्यायची कशी?

नुसतं ‘भारी’ किंवा ‘बकवास’ लिहून समोरच्याला फार काही कळत नाही. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: कोणासोबत पाहावा, थिएटरातच पाहावा की ओटीटीवर आल्यावर चालेल, आणि पैसे वसूल होतात का. “आईबाबांना घेऊन जा, लहान पोरांना नेऊ नका, शेवट सांगत नाही” एवढं लिहिलं तरी पुरे.

मराठी सिनेमा आवडला असेल तर सोमवारची वाट पाहू नका. शुक्रवारी पाहिला तर शुक्रवारीच सांगा, आणि कोणत्या थिएटरला किती वाजताचा शो आहे तेही लिहा. आवडला नसेल तर तेही तितक्याच सरळ सांगा. मराठी आहे म्हणून खोटं कौतुक केलं की समोरच्याचे पंधराशे रुपये जातात. पुढच्या वेळी चांगल्या मराठी सिनेमाबद्दल सांगितलं तरी तो विश्वास ठेवत नाही. हे नुकसान एका पिच्चरपुरतं राहत नाही.

एकेकाळी रिळांच्या पेट्या रुळांवरून गावोगाव फिरायच्या आणि त्यांच्या आधी माणसांच्या तोंडून मत यायचं. आता पेट्या नाहीत. मत पोचवायचं काम त्या गाडीत बसलेल्या पोराच्या फोनवर आलंय. तो काय लिहितो यावर रविवारी एखादं कुटुंब अमरावतीची एसटी पकडणार की नाही, हे ठरणार आहे. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी “पिच्चर कसा हाये?” असं विचारलं, तर इमोजी टाकून मोकळे होऊ नका. दोन ओळी लिहा, आणि खऱ्या लिहा.